फोटो सरळ करणे की ओळंब्यात आणणे?

लातूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. बीबी का मकबऱ्याचा फोटो जवळून काढला की मिनार आतल्या बाजूला कललेले दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये ते सरळ करतात त्या ‘पर्स्पेक्टिव्ह करेक्शन’ला मराठीत ‘दृष्टिकोन सुधारणा’ म्हणावं का? आणि ‘डिस्टॉर्शन’ला ‘विकृती’ चालेल का?

‘दृष्टिकोन सुधारणा’ नकोच. ते वाचून कुणालाही माणसाच्या विचारांबद्दल काही चाललंय असं वाटेल. चित्रकलेत पर्स्पेक्टिव्हला ‘यथादर्शन’ हा चांगला शब्द रुळलेला आहे, पण ‘यथादर्शन दुरुस्ती’ही जमत नाही. कारण डोळ्याला दिसतं तसं यथादर्शन फोटोत आलेलंच असतं, सॉफ्टवेअर उलट ते कमी करतं.

‘विकृती’ मला जास्त खटकतो, कारण इथे बिघडलेलं काहीच नसतं. मिनाराचं टोक फ्रेममध्ये यावं म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो. मग सेन्सर इमारतीला समांतर राहत नाही, लांबचा वरचा भाग पायथ्यापेक्षा लहान उमटतो आणि उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. कॅमेरा सरळ धरला तर वाइड लेन्सनेही त्या समांतरच राहतात. याला साधं ‘झुकाव’ म्हणावं. सरळ छज्जा फोटोत कमानीसारखा वाकतो तो मात्र लेन्सचा दोष. त्याला ‘फुगवटा’ म्हणा, हवं तर विकृतीही म्हणा. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

आता दुरुस्तीचा शब्द. तो आपल्या गवंड्यांकडे तयार आहे : ओळंबा. ‘अवलंब’वरून आलेला, भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचं, दोरीला लोंबणारं वजन. भिंत ओळंब्यात आहे की ओळंबा सोडलाय, हे मराठवाड्यात घर बांधणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून ‘फोटो ओळंब्यात आणणे’. नुसतं ‘सरळ करणे’ मोघम पडतं, कारण तिरपं क्षितिज आडवं करणं हेही सरळ करणंच. त्याला ‘पाणसळीत आणणे’ म्हणता येईल; पाणसळ म्हणजे आडवी पातळी तपासायचं गवंड्यांचं साधन.

गिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊन वाक्यात असं वापरा : ‘गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या, दिशा करेक्टिव्ह ठेवा, फोटोवर दिसणाऱ्या जाळीच्या कडा इमारतीच्या कडांवर बसवा आणि फोटो ओळंब्यात आणा.’ वरचा भाग ताणला जातो आणि बाजूचा काही भाग कापावा लागतो, म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी जागा सोडावी.

दौलताबादचा 1445 सालचा चांदमिनार मात्र मुळातच वर निमुळता होत गेला आहे. त्याच्या कडा समांतर केल्या तर तो चांदमिनार राहणार नाही. तिथे जाळी मिनाराच्या कडांवर न बसवता पायथ्याच्या दाराच्या चौकटीवर किंवा शेजारच्या भिंतीवर बसवावी.