एवढं शिकून सोडायचं?

"एवढी वर्षं शिकली, आता सोडते म्हणते. वाया गेलं का सगळं?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील दर हंगामात असतातच. कधी तबला, कधी कथक, कधी बुद्धिबळ. कोल्हापुरात गाण्याचा मान जरा जास्त, त्यामुळे गाणं सोडणाऱ्याचा अपराधही जरा मोठा धरला जातो. त्यातल्याच एका घराची ही हकिगत, ओळख पटू नये इतपत बदललेली.

आई मंगळवार पेठेत घरीच शिवणकाम करते, वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मुलगी दुसरीत असताना गाण्याच्या क्लासला लागली. गाण्याच्या परीक्षांची प्रारंभिकपासून एकेक पायरी चढत विशारद प्रथमपर्यंत पोचली. आता शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, आणि विशारद पूर्णचा फॉर्म भरायला तिनं साफ नकार दिलाय. घरात अबोला. आई येताना एक वही घेऊन आली होती. क्लासची फी, परीक्षांचे फॉर्म, मिरजेहून आणलेला तानपुरा, सगळं तारखेनिशी.

"शेवटची एक राहिलीय मॅडम. तेवढी दे आणि मग सोड की, एवढंच म्हणतोय आम्ही."

मुलगी तयारीनं आली होती. "हा बुडीत खर्च आहे. गेला तो गेला. पुढचा निर्णय घेताना तो धरायचाच नसतो. पहिल्या सेमिस्टरलाच शिकवतात."

"बघा," आई मला म्हणाली, "आम्ही शिकवलं, आणि आता आम्हालाच शिकवतीय."

पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर मुलीचं बरोबर होतं. पण माणसं पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग केला, तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाचं तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सवलत दिली, बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेतले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त वेळा नाटकाला आली. पुढच्या अर्ध्यात मात्र हा फरक जवळजवळ उरला नाही. पैसे भरल्याची टोचणी माणसाला काही काळ ओढत नेते, मग बोथट होते. हे मी आईला सांगितलं, कारण "तेवढी एक परीक्षा" या आग्रहात ती टोचणीच जास्त होती. विशारदचा पुढे उपयोग काय, हा वेगळा प्रश्न होता आणि तो अजून कुणी विचारलाच नव्हता.

वडील तोवर गप्प होते. मग म्हणाले, "आमच्यात कास्टिंग रिजेक्ट झालं तर परत भट्टीत टाकतात. लोखंड वाया जात नाही. मजुरी जाते फक्त."

एवढं नेमकं मला स्वतःला सुचलं नसतं. फक्त गाण्यात ते उलटं होतं. फी गेली, ती परत येणार नाही. राहिली आहे ती मजुरीच. लहानपणापासून पहाटे उठून घोटलेले पलटे, देवल क्लबच्या मैफलीत आईच्या मांडीवर पेंगत ऐकलेला विलंबित, हे तिच्या कानात आणि गळ्यात बसलेलं आहे. ते कुणाला विकता येत नाही, म्हणून आईच्या वहीत त्याला रकाना नाही. अर्थशास्त्रात मात्र आहे. स्टिगलर आणि बेकर या दोघांनी 1977 मध्ये याच मुद्द्यावर लिहिताना संगीताचंच उदाहरण घेतलं होतं. ऐकण्यातून जाण वाढते, आणि जाण वाढली की पुढच्या प्रत्येक तासाच्या ऐकण्यातून जास्त आनंद मिळतो. म्हणजे ही जाण एक प्रकारचं भांडवलच. मुलगी एकदम सरळ बसली. बुडीत खर्चाचं प्रकरण तिनं वाचलं होतं, हे वाचलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी तिला एकटीलाच बोलावलं. अशा वेळी आधी मी गाण्याबद्दल विचारतच नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, मैत्रिणींकडे जाणं-येणं आहे का, अभ्यासात मन लागतं का? गाण्याबरोबर हेही सगळं सुटत चाललं असेल, आणि ते काही आठवडे तसंच असेल, तर प्रश्न गाण्याचा नसतो. तिथं परीक्षेचा फॉर्म बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. हिचं तसं काही नव्हतं. विद्यापीठात जाताना बसमध्ये ती केसरबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायची. गाण्याला विटलेली पोरगी मन्सूर कशाला ऐकेल?

"मी गातो की मॅडम," ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात.) "पण आई स्वयंपाकघरातनं ऐकतीय म्हटलं की गळाच आवळतो. पाहुणे आले की, गा गं एखादं. दहावीला गाण्याचे वाढीव मार्क. परीक्षेचे राग, परीक्षेच्या ताना. मला आवडतं म्हणून मी शेवटचं कधी गायलो, आठवत नाही."

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग इथं चपखल बसतो. बालवाडीतली, आपखुशीनं चित्रं काढणारी मुलं. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस न सांगता, अचानक मिळालं, त्यांची गोडी कमी झाली नव्हती. माझा परीक्षांना विरोध नाही. अभ्यासाला त्यातून क्रम येतो, क्रियात्मकाबरोबर शास्त्रही वाचलं जातं. पण गाण्याचं एकमेव कारण परीक्षा होऊन बसली की अशी मुलं माझ्याकडे येतात.

आईचं आणखी एक दुखणं होतं. शेजारची मुलगी कॉम्प्युटर शिकून पुण्याला लागली. "हिनं तिच्यापेक्षा जास्त कष्ट केले. मग गाण्यात पैसा का नाही?" याचं उत्तर मुलीच्या गुणवत्तेत शोधू नका, हे मला जोर देऊन सांगावं लागलं. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये ते मांडलं आहे. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तासाला जास्त माल निघतो, पगार वाढतात. पण शंभर वर्षांपूर्वी अर्ध्या तासाचा असलेला बडा ख्याल आजही अर्धाच तास घेतो, आणि तबलजीही एक लागायचा, एकच लागतो. म्हणून मैफलीला कायम कुणाचा तरी आधार लागत आला आहे. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात राहिले ते शाहू महाराजांच्या दरबारामुळे. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत, तर विशारद झाल्यावर घर चालेल ही अपेक्षा मुलीवर का लादायची?

खाँसाहेबांचीच एक गोष्ट मामांनी मुलीला ऐकवली होती. तरुणपणी अतिगाण्यानं त्यांचा आवाज बसला, पूर्वीसारखा परत आला नाही, तरी त्याच आवाजावर त्यांनी नवी गायकी उभी केली. आणि तू एका परीक्षेला घाबरतेस? गोष्ट मोठीच आहे. पण ज्यांचा आवाज बसला आणि पुढे काहीच उभं राहिलं नाही, त्यांच्या गोष्टी मामांच्या कानावर कधी आल्याच नसणार.

मग आम्ही वही मिटून पुढच्या वर्षाचा हिशोब केला. विशारद पूर्णची तयारी म्हणजे रोजचे दोन तास, आणि तेच दोन तास तिला नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, अभ्यासाला हवे होते. तिला क्लास काढायचा असता तर तो कागद उपयोगी पडला असता, मी स्वतःच फॉर्म भर म्हटलं असतं. तिला क्लास काढायचा नव्हता. ठरलं ते असं: या वर्षी परीक्षा नाही, आठवड्यातून एकदा गाण्याच्या बाईंकडे जायचं, राग तिनं निवडायचा, आणि पाहुण्यांपुढे गायला कुणी सांगायचं नाही. शेवटची अट आईला सगळ्यात जड गेली. वडिलांनी लगेच मान डोलावली.

काही महिन्यांनी आई पुन्हा आली. मुलगी बाईंकडे जाते, मधले दोन आठवडे गेली नव्हती, आता परत जाते. पुढच्या वर्षी फॉर्म भरेल का, हे विचारायचं नाही म्हणून आईनं मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. निघताना पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "धाकट्यासाठी तबल्याच्या प्रारंभिकचा आणलाय. भरून टाकू ना?"

त्याला घेऊन या, म्हटलं, आणि वेगळी वेळ घ्या.