व्हीसीवर तारीख झाली, पण भावाचा आवाजच आला नाही

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. धाकटा भाऊ मारामारीच्या केसमध्ये चार महिने झाले आत आहे, चार्जशीट आलंय. आता जेलमध्ये कांजिण्यांची साथ आहे म्हणून कोर्टात आणतच नाहीत, व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) तारीख होते. मागच्या वेळी हाफ डे टाकून गेले तर स्क्रीनवर दोन मिनिटं दिसला, ओठ हलत होते, आवाज काय आलाच नाही, आणि पुढची तारीख पडली. हे असं चालतं का? साक्षीपण अशाच उरकणार का? मुलाकातसुद्धा बंद आहे.

उत्तर : ताई, नुसती तारीख वाढवायला चालतं. आणि हे काही कोरोनात सुरू झालेलं नाही, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतपण होतं. अटकेनंतर पहिल्यांदा आणि पुढं पीसीआर म्हणजे पोलिस कस्टडी असेपर्यंत दरवेळी आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढं समक्षच उभं करावं लागतं, एकदा एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की मग व्हीसीवर दाखवलं तरी भागतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कायद्याच्या, बीएनएसएसच्या कलम 187 मध्येही तेच आहे. (पीसीआर म्हणजे इथं कोरोनाची टेस्ट नव्हे हो. 2020 मध्ये एका पक्षकाराच्या आईला सांगितलं की पोराला तीन दिवस पीसीआर मिळाला, तर त्या म्हणाल्या, नाकात काडी घालायला तीन दिवस कशाला?)

साक्षीचं मात्र वेगळं आहे. व्हीसीवर साक्ष घेता येते हे सुप्रीम कोर्टाने 2003 मध्येच प्रफुल्ल देसाई केसमध्ये सांगितलंय, ती केस आपल्या महाराष्ट्रातलीच. पण ऐन लॉकडाऊनमध्ये, 6 एप्रिल 2020 ला, त्याच कोर्टाने सांगितलं की दोन्ही बाजू तयार असल्याशिवाय व्हीसीवर पुरावा नोंदवायचा नाही. ती अट त्या काळातली, आता बीएनएसएसमध्ये व्हीसीला बरीच मोकळीक आहे, म्हणून गप्प बसू नका, वकिलांना लेखी हरकत द्यायला सांगा. कारण काय होतं, साक्षीदार बोलत असताना मागं उभा असलेला आरोपी हळूच वकिलाचा कोट ओढतो, "साहेब, हा तिथं नव्हताच, नंतर आला." उलटतपासातले निम्मे प्रश्न मला असेच मिळालेत. स्क्रीनवरचा माणूस कोट कसा ओढणार, तो तर म्यूटवर असतो!

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. मॅजिस्ट्रेटसाहेब विचारतात, "काही तक्रार आहे का?" आता तक्रार जेलबद्दल असेल आणि शेजारी जेलचाच माणूस उभा असेल तर पोरगं काय सांगणार, "नाही साहेब" एवढंच. व्हीसीच्या नियमांत आहे की पलीकडच्या खोलीत दबाव आणणारं कोणी नको आणि आरोपीला वकिलाशी खासगीत बोलता आलं पाहिजे. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून पुढच्या तारखेआधी तसा अर्ज टाका, आणि आवाज आला नाही तर वकिलांनी तिथल्या तिथं उभं राहून कोर्टाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामाच्या नोंदीत) नोंद घ्यायला लावायची, घरी येऊन चिडून उपयोग नाही. स्वतःचा वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

जामिनाचं म्हणाल तर नुसत्या साथीवर आपोआप कोणी सोडत नाही. मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याराज्यांत समित्या नेमून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या केसमधल्या कच्च्या कैद्यांना (खटला चालू असलेल्यांना) तात्पुरतं सोडायचा विचार करायला लावला होता, तसं आत्ता काही नाही. पण भावालाच ताप किंवा फोड आले असतील तर जामीन अर्जात लिहा आणि जेलच्या डॉक्टरचा रिपोर्ट मागवायला सांगा. ज्यांचं चार्जशीटच आलेलं नाही त्यांच्यासाठी एक, साथ असली तरी चार्जशीट दाखल करायची 60 किंवा 90 दिवसांची मुदत वाढत नाही, दिवस भरले की जामिनाचा हक्क लागू. हे जून 2020 च्या कासी केसमध्ये ठरलंय.

मुलाकात बंद आहे तोवर ई-मुलाकातीची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची नोंदणी करून बघा, मोबाईलवरून होते. मला माहितीय, घरची माणसं तारखेला येतात ती कोर्टाचं काम ऐकायला नाही, व्हरांड्यात पोलिसांना विचारून भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी हातात द्यायला. ते मात्र साथ सरेपर्यंत अवघडच दिसतंय.