मॉरिशसला जरूर जा, पण ती एफडी एफडी नाही

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ४७, शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना, घरी पत्नी आणि दोन मुलं. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीअखेर मॉरिशसला जायचं ठरलंय. सात रात्री, त्यातल्या तीन समुद्रात, भाड्याच्या कॅटमरानवर, म्हणजे शिडाच्या जोडहोडीवर. खर्च ५ लाख २० हजार. विचारलंय एवढंच, की पर्सनल लोन काढू की बँकेतली 'तीन लाखांची एफडी' मोडू? सोबत एफडीच्या कागदांचे फोटो आहेत.

लोनचं आधी संपवतो. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिना पावणेअठरा हजार हप्ता आणि व्याज जवळपास १ लाख २० हजार. घेऊ नका.

आता एफडी. चौथ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात, तुमच्या अंगठ्याच्या सावलीत तीन ओळी आहेत. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, विमा रक्कम १० लाख. ही एफडी नाही. दरवर्षी एक लाख भरायचा हा जीवन विमा आहे. तीन हप्ते गेलेत, सात बाकी आहेत. तुम्ही लिहिलंय की कॅश क्रेडिटचं (धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या बँक कर्जाचं) लिमिट वाढवायला गेलात तेव्हाच बँकेतल्या साहेबांनी या कागदांवर सह्या घेतल्या, आणि 'वरून विमा फुकट' म्हणाले. कर्ज मागायला आलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे ओळखून केलेली ही विक्री आहे. मला याची मनापासून चीड येते.

साहेबांनी सांगितलेलं साडेअकरा टक्के व्याज कुठून आलं तेही पत्रातूनच कळलं. हप्त्यांच्या दहा लाखांचे शेवटी साडेएकवीस लाख, म्हणजे साडेअकरा लाख फायदा, भागिले दहा वर्षं. पैसा अडकणार वीस वर्षं आणि भागाकार दहाने! खरा दर ५ टक्के निघतो. तेच हप्ते पीपीएफमध्ये गेले असते तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांनी साडेएकोणतीस लाख झाले असते.

मग मोडायची का? कंपनीच्या पत्राप्रमाणे आज सरेंडर केली तर १ लाख १० हजार हाती येतात, तीन लाख भरून. त्यात मॉरिशसचं विमानभाडंसुद्धा धड निघणार नाही. पण हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली तर सतरा वर्षांनी ५ लाख मिळतील, असं त्याच पत्रात आहे. एक लाख दहा हजारांचे पाच लाख म्हणजे वर्षाला नऊ टक्क्यांच्या वर, तेही करमुक्त. तेव्हा आहे ते राहू द्या. उरलेले सात लाख मात्र भरू नका, त्यांच्यावर जेमतेम सव्वासहा टक्के सुटतील आणि तुमचं कॅश क्रेडिट ११ टक्क्यांनी चालू आहे.

पेड-अप करण्याआधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पूर्ण पैसे परत मागा. साहेबांचा 'एफडीपेक्षा भारी' हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. सही तुमचीच असल्यामुळे निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं नाही, पण तक्रार सोडू नका.

खरी काळजी मला पत्राच्या शेवटच्या ओळीने लावली. कारखान्यावर ३८ लाखांचं कर्ज, त्याला राहतं घर तारण, आणि तुमच्या आयुष्यावरचा सगळा विमा म्हणजे हे दहा लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात दहा लाख येतील आणि दारात ३८ लाखांची वसुली. घरखर्च वर्षाला पाच लाख धरला तर तुम्हाला दीड कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हवा. या वयात तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर हप्ता वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. फॉर्म भरतानाच तो १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे नंतर जोडता येत नाही. फॉर्ममध्ये तंबाखू, साखर, रक्तदाब काही लपवू नका.

आता सहल. जानेवारी ते मार्च हा तिकडे चक्रीवादळांचा जोर असलेला काळ. शिवाय जानेवारीत तुमचे पैसे कापडात आणि शिलाईत अडकलेले, म्हणजे टूर कॅश क्रेडिटवरच होणार. शाळांची बिलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वसूल होतात असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत जा. पैसा स्वतःचा असेल आणि मुलांची शाळाही बुडणार नाही.

तीन रात्रींची बोटही काढा. 'हिला घाटात गाडी लागते' असं तुम्ही सहज लिहून गेलात. कॅटमरानला खाली दोन अरुंद होड्यांसारखे भाग असतात, ती कमी डोलते हे खरं, पण रात्रभर नांगरलेल्या बोटीत ज्याला मळमळतं त्याला उतरून जायला जागा नसते. मॉरिशसभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. त्या पाण्यातून इल ओ सेर्फ बेटापर्यंत जाणारी दिवसभराची सामायिक कॅटमरान माणशी पाच-सात हजारांत होते. शिडाची हौस तिथेही फिटते. बोटीचे १ लाख ८० हजार वजा, दिवसाच्या फेरीचे तीसेक हजार अधिक, हॉटेलच्या चारच रात्री ठेवल्या तर सहल ३ लाख ७० हजारांवर येते. त्यात प्रवास विमा धरलेला नाही, तो चौघांचा जरूर काढा. परदेशी पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापतील, पावती जपा, विवरणपत्रात तो वळता होतो. (तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबंही भेटतील, मुलांना त्यांच्याशी बोलू द्या.)

पैशाचं असं करा. या वर्षी वाचलेल्या एक लाखातून टर्मचा हप्ता जाईल, उरलेले पन्नासेक हजार सहलीच्या वेगळ्या खात्यात टाका. बाकीचे ३ लाख २० हजार पुढच्या वसुलीतून, बिल जमा होईल त्याच दिवशी बाजूला काढा.

क्रम चुकवू नका. चौथा हप्ता २ नोव्हेंबरला आपोआप कापला जाणार आहे. टर्मची वैद्यकीय तपासणी या आठवड्यात करून घ्या. नवी पॉलिसी हातात पडली नसली तरी २ नोव्हेंबरच्या आधी बँकेला ऑटो-डेबिट थांबवायचं पत्र द्या आणि पोच घ्या. नव्या पॉलिसीला उशीर झालाच तर हप्त्याच्या तारखेपासून ३० दिवसांची सवलत आहे, जुनं संरक्षण तेवढे दिवस चालू राहील.