मेथी-पालक मातीत, लेट्यूस पाण्यात: बंद बाल्कनीतली निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सदनिका, उत्तरेकडची काचबंद बाल्कनी, ३ बाय २ फुटांचं रॅक, सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी, घरातले दोघंही नोकरीवर. मेथी, कोथिंबीर, पालक, लेट्यूस आणि बेझिल हवंय. मग ३६ भोकांचा पीव्हीसी पाइपांचा हायड्रोपोनिक्स संच (मातीशिवाय, खताच्या पाण्यात रोपं वाढवायचा) घ्यावा, की कुंड्याच बऱ्या?

संच घेऊ नका. मेथी, कोथिंबीर आणि पालक मातीच्या क्रेटमध्ये लावा. लेट्यूस आणि बेझिल बिनपंपाच्या पाण्याच्या डब्यात. मात्र खर्चाचा पहिला मान माती किंवा पाण्याला नाही, दिव्याला द्या. उत्तरेच्या काचेतून येणारा उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, पण मोबाइलवरच्या, उजेड लक्समध्ये दाखवणाऱ्या ॲपने मोजलात तर बहुतेक हजार-दोन हजारच भरेल. पांढऱ्या एलईडीखाली लेट्यूसच्या पानांच्या उंचीवर १४ ते १५ हजार लक्स, रोज १४ ते १६ तास, एवढं हवं. तुमच्या रॅकच्या एका कप्प्याला त्यासाठी साधारण ६० वॅटचा चांगला दिवा लागतो, म्हणजे महिन्याला २९-३० युनिट वीज. दुसरा कप्पा करायचा तर दुसरा दिवा. हा हिशेब दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. उजेड कमी असेल तर रोपं लांबट, फिकट होऊन कलंडतात, आणि मग लोक खत वाढवत बसतात.

आता मूळ फरक. मातीत अन्न आणि पाणी कणांना धरून राहतं. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ क्षार पकडून ठेवतात, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, सहजी हलू देत नाहीत. खत थोडं जास्त पडलं किंवा दोन दिवस पाणी चुकलं तरी माती सांभाळून घेते. पाण्यात हा साठाच नसतो. तुम्ही जे ओतलंत तेच मुळांना मिळतं, म्हणून वाढ जोमात होते आणि चूकही दोन-तीन दिवसांत पानावर उमटते. पाइपांच्या संचात तर मुळांखालून पाण्याचा जेमतेम पातळ थर वाहत असतो. पंप थांबला की उन्हाळ्यात दोन-तीन तासांत रोपं माना टाकतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि घरात कोणी नाही, एवढं पुरतं. शिवाय पुदिना, बेझिल अशांची मुळं गुंतून पाइप तुंबतो आणि पाणी भोकातून बाहेर येतं, तेही सदनिकेत.

पाण्याचा मुद्दा तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर साधारण ५०० दिसत असतील तर ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षारांचंच दुसरं माप) जवळपास १.० झाला. लेट्यूसला एकूण १.२ ते १.४ पुरतो. म्हणजे खताला जागाच उरली नाही, आणि जी जागा भरली आहे ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सोडियमने. धरणाचं मऊ पाणी, टीडीएस १५० च्या आत, असेल तर निर्धास्त वापरा. १५० ते ३०० असेल तर आम्ल घालून जमतं. ३०० च्या वर गेलं की डब्यासाठी घरच्या आरओचं पाणी घ्या. बिनपंपाच्या डब्याला महिन्या-सव्वा महिन्याला २० लिटरच लागतं, त्यामुळे हे परवडतं. पाइपांच्या संचात टाकी सारखी भरावी आणि बदलावी लागते, तिथे ते परवडत नाही. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी मातीलाही घालू नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. आरओमधून बाहेर पडणारं खारट पाणीही फरशी पुसायलाच ठेवा.

बिनपंपाच्या पद्धतीला हवाई विद्यापीठाच्या क्रॅट्की यांचं नाव आहे. २० लिटरचा अपारदर्शक डबा घ्या, झाकणाला २ इंची चार भोकं, दोन भोकांत किमान ८ इंच अंतर. डबा पारदर्शक असेल तर आतून काळा आणि बाहेरून पांढरा कागद किंवा टेप लावा. उजेड आत शिरला की आठवड्यात शेवाळ धरतं. इंचभराच्या स्पंजच्या तुकड्याला खाच पाडून तिच्यात लेट्यूसचं बी वरच ठेवा, गाडू नका. त्याला उगवायला उजेड लागतो आणि खोली २७-२८ अंशांपेक्षा गरम असेल तर ते उगवायचं नाव घेत नाही. तीन-चार खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन दलांनंतरची) आली की स्पंज जाळीच्या कपात बसवून डब्यावर ठेवा. सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला सेंटिमीटरभर टेकलं पाहिजे.

मग रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि वरच्या मोकळ्या जागेत आडवी, लवदार पांढरी मुळं फुटतात. ही मुळं हवेतला ऑक्सिजन घेतात. पंपाचं काम तीच करतात. इथेच बहुतेकांचं बिघडतं: पातळी खाली गेली म्हणून काळजीने डबा पुन्हा काठोकाठ भरला जातो, ती मुळं बुडतात, आणि दोन दिवसांत रोप ओल्या डब्यावर सुकलेलं दिसतं. पाणी घालायचंच झालं तर डब्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच घाला. लेट्यूसच्या एका गड्ड्याला जेमतेम चार लिटर पाणी लागतं, म्हणून चार रोपांना २० लिटर निवांत पुरतं.

खत ठिबकवाल्यांच्या ओळखीचंच आहे, कृषी सेवा केंद्रात मिळतं. आरओच्या किंवा मऊ २० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट १० ग्रॅम, १३:०:४५ (आकडे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस, पालाश यांचे) सहा ग्रॅम, ०:५२:३४ दोन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट सहा ग्रॅम. शिवाय चिलेटेड (पाण्यात विरघळलेलीच राहतील अशी बांधलेली) सूक्ष्म अन्नद्रव्यं, ज्यात लोह सर्वांत जास्त आहे अशी, पाकिटावरच्या मात्रेने. ईसी १.३ च्या आसपास येतो. प्रत्येक खत वेगळ्या मगभर पाण्यात विरघळवून एकेक करून डब्यात ओता आणि दर वेळी ढवळा. कॅल्शियम नायट्रेट बाकीच्यांबरोबर घट्ट द्रावणात मिसळलं तर सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ रोपाला मिळत नाही. बाजारात ए आणि बी अशा दोन बाटल्या त्यासाठीच असतात. कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून चिखल होतं; घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. १९:१९:१९ डब्यात वापरू नका. त्यातला अर्ध्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करून देतात, डब्यातल्या पाण्यात ते काम नीट होत नाही.

पीएच ५.८ ते ६.२ ठेवा. उतरवण्यासाठी फॉस्फोरिक आम्ल: ९० मिली पाण्यात १० मिली आम्ल, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नेहमी पाण्यात आम्ल, उलट नाही. हे पातळ द्रावण एकेक मिली घालून ढवळा आणि थोडं थांबून मोजा. मऊ पाण्याच्या २० लिटरला पाच-सहा मिली पुरतं. बोअरच्या पाण्याला २५ मिलीही लागू शकतं, आणि तेवढ्या आम्लाबरोबर फॉस्फरसही गरजेपेक्षा जास्त जातो. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच दोन दिवसांत पुन्हा चढतो आणि त्यातल्या सेंद्रिय पदार्थावर जिवाणू वाढतात. स्वस्त पीएच मीटर चालेल, पण महिन्यातून एकदा ४.०१ आणि ६.८६ पीएचच्या तयार द्रावणांत बुडवून त्या आकड्यांवर लावून घ्या, आणि त्याचं टोक कोरडं ठेवू नका.

आठवड्यातून एकदा ईसी बघा. पातळी उतरताना ईसी चढत असेल तर रोप खतापेक्षा पाणी जास्त पितंय, द्रावण उन्हाळ्याच्या मानाने घट्ट आहे. थोडं बिनखताचं, मऊ किंवा आरओचं पाणी घाला. ईसी उतरत असेल तर रोपाला अजून चालेल. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आधी पीएच बघा. तो ७ च्या वर असेल तर लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही, आणि अशा वेळी खत वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर कॅल्शियम पानापर्यंत पोचत नाहीये. बाल्कनी बंद असल्याने हवा हलत नाही, तिथे छोटा पंखा लावला की बहुतेक वेळा भागतं.

मातीच्या बाजूला तुलनेने कमी कटकट आहे. मेथीला एकेका रोपासाठी जाळीचा कप वाया घालवण्यात अर्थ नाही. ती दाट पेरून २५-३० दिवसांत उपटायचीच असते. कोथिंबिरीचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही, म्हणून धणे रगडून दोन भाग करा आणि जागेवरच पेरा. पालकाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: आपला पालक बीटच्याच प्रजातीतला आहे, परदेशी तक्त्यांमधला स्पिनॅच नव्हे. तिकडचे तापमानाचे आणि ईसीचे आकडे त्याला लावू नका. तो उष्णता जास्त सोसतो, पुन्हा पुन्हा कापता येतो, आणि म्हणूनच एकदा भरून विसरायच्या डब्यापेक्षा ८ इंच खोल क्रेट त्याला बरा.

मिश्रण असं करा: धुतलेलं कोकोपीट चार भाग, गांडूळखत तीन, लाल माती दोन, भाताचं तूस किंवा परलाइट एक, आणि क्रेटमागे दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती क्रेटमध्ये नको. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि पाणी भेगांतून सरळ खाली जातं. घरात वारा-ऊन नसल्याने माती हळू सुकते, त्यामुळे रोजच्या वेळेवर पाणी घालू नका. क्रेट उचलून बघा, हलका लागला की घाला. सतत ओल्या मातीवर बारीक काळ्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचा इंचभर थर सुकू द्या आणि पिवळे चिकट कागद लावा. तुमच्या पाण्याने मातीवर पांढरी पापडी धरेल. ती दिसली की पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने क्रेट भरपूर धुवून काढा, खालून निथळू द्या आणि ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या.

उन्हाळ्यात डब्याचं पाणी २५ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मूळकूज धरते. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, वास येतो. म्हणून दिवा संध्याकाळी ६ ते सकाळी १० असा चालवा. त्याची उष्णता थंड वेळेत पडते आणि तुम्ही दोघंही तेव्हा घरी असता. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत लेट्यूस बंद ठेवून चारही भोकांत बेझिल लावा.

दिवा घेण्याआधी टीडीएस मीटर घ्या. बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी वेगवेगळं मोजा, टँकर बदलला की पुन्हा मोजा, आणि आकडे कळवा. आरओचं आणि नळाचं पाणी किती किती मिसळायचं ते त्यावरून नक्की सांगता येईल.