अंडं-तुपाशिवाय नानकटाई: खोबरेल थिजलेलंच घे
अंडं-तूप न घालता बेकिंग पहिल्यांदाच करतेस, तर नानकटाई घे. तिच्यात अंडं मुळातच नसतं. तुपाऐवजी खाण्याचं खोबरेल. ते 24 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उन्हाळ्यात पातळ तेल तसंच घातलं की गोळे ओव्हनमध्ये पसरून चपटे होतात. आधी फ्रीजमध्ये लोण्याइतकं घट्ट होऊ दे.

65 ग्रॅम खोबरेल आणि 60 ग्रॅम पिठीसाखर पांढरीशुभ्र होईस्तोवर फेस. त्यात 100 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची. मळू नकोस, नुसता गोळा कर. मळलं की खुसखुशीतपणा गेलाच. भुरभुरलं तर चमचाभर नारळाचं दूध. त्याचे छोटे गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग 160 अंशांवर 18-20 मिनिटं. काढताना मऊच लागतील, परत आत ढकलू नकोस. गार झाल्यावरच कडक होतात.