राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने गावात लोकांमध्ये काम केलं तर करिअरला उपयोग होतो का?

नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय, गडचिरोलीकडे जागा निघायची वाट बघताय आणि विचारताय की शोधनिबंध लिहावेत की ग्रामसभेत जाऊन बसावं. हाच प्रश्न मला कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या मुलाखतीत टोमणा म्हणून विचारला गेला होता, म्हणून लिहायला बसलो.

धानोरा तालुक्यातल्या एका गावाचे लोक कागदांची पिशवी घेऊन आमच्या विभागात आले. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला, ते गाव सगळ्यांना ठाऊक. बाकीच्यांना कोण विचारतं? या गावाच्या वनहक्काच्या दाव्याचा ठराव कागदोपत्री झालेला, पण हद्द आखडती. जिथे मोहफूल वेचतात आणि तेंदू तोडतात, तोच तुकडा नकाशाबाहेर. मी गेलो. समाजमंदिराच्या पडवीत बसून नियम वाचून दाखवले: वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तेवढ्यात एक म्हातारी उठली, "ठरावावर माजा अंगठा आहे मनते. मी तं त्या दिसी भावाकडं होती जी." मग जे सुरू झालं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. कोणता नाला कोणाचा, शेजारच्या गावाशी जुनं भांडण काय, सगळं निघालं. बाया पुरुषांपेक्षा जास्त बोलल्या, कारण जंगलात रोज जाणाऱ्या त्याच. रात्री उशिरा नवा ठराव लिहिला. मी फक्त वाचत होतो. (दाव्याचं पुढे काय झालं ती वेगळीच लांबण आहे.)

हे मुलाखतीत सांगितलं तर समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "हे एनएसएसवाल्यांचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम. तुमचं संशोधन कुठे आहे?" 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत एका शोधनिबंधाला 10 गुण, पडवीतल्या रात्रीला किती, ते तुम्हीच बघा. हेच गृहस्थ दर निवडणुकीत चॅनेलवर "राजकीय विश्लेषक" म्हणून बसून जातींची बेरीज करतात. तो त्यांचा लोकसंपर्क. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या शालेय पुस्तकांचे मुख्य सल्लागार राहिलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी, मजकूर गाळलेल्या त्या पुस्तकांतून आपली नावं काढा म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा आमच्या विषयाच्या ग्रुपवर चकार शब्द नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र चालू होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. जो माणूस पंचायत राज शिकवतो आणि ग्रामसभेत कधी बसलेला नाही, त्याने तो पेपर दुसऱ्याला द्यावा.

आता तुमचं. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागलात तर जपून. पुढच्या सत्राला तुम्हाला बोलवायचं की नाही हे संस्थाचालक ठरवतात, आणि गावच्या ठेकेदाराशी त्यांचं नातं असू शकतं. कायम झाल्यावर जा. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. वनहक्काच्या नियमांची मराठी प्रत न्या, ती गावातच ठेवून या. खरं सांगायचं तर यूजीसीच्या 2018 च्या नियमांत विस्तारकार्य आणि समाजसेवेचा उल्लेखही आहे, त्यामुळे फोटो, उपस्थितीपत्रक सांभाळून ठेवा. शोधनिबंध तरीही लिहावेच लागतील, त्यातून सुटका नाही.

माझी बढती पुढच्या खेपेस झाली. ते ज्येष्ठ तोवर निवृत्त झाले होते. हल्ली विकेंद्रीकरणावर बीजभाषणं देतात. उदाहरण अर्थातच मेंढा-लेखाचं.