विश्वास डळमळला आहे, आईला काय सांगू?

"मॅडम, मला नास्तिक व्हायचं नाही. पण मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) बसलं की आपण खोटं वागतोय असं वाटतं. घरी सांगितलं तर आई खचेल, नाही सांगितलं तर मी खचेन."

वसई-विरार भागात समुपदेशन करताना हा प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतो. विचारणारी माणसं बहुधा तिशी-चाळिशीतली आणि कॅथलिक घरात वाढलेली असतात. त्यांच्यापैकी एकीबद्दल इथे लिहिते आहे. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला लीना म्हणू या.

लीनाचं माहेर वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात. हा मुलूख 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज गेले, धर्म मात्र राहिला आणि तो मराठी बोलत राहिला. इथे चर्च फक्त रविवारपुरतं नसतं. लग्नं, मयती, वाडीतल्या क्रूसाचा सण, मुलांचा गायनवृंद, संध्याकाळची घरातली रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळं त्याच धाग्यात ओवलेलं असतं. म्हणून "पटत नसेल तर जाऊ नका" हा बाहेरच्यांचा सोपा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. मिस्सा सोडायची तर माणूस निम्मा शेजारही सोडतो.

लीना आली ती मुलाचं निमित्त होऊन. मुलगा आठ वर्षांचा झाला होता आणि पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीच्या, वर्गात त्याचं नाव घालायचं होतं. ती स्वतः गेलं वर्षभर कम्युनियन घ्यायला उठत नव्हती. बाकावरचे सगळे रांगेत जायचे, ही गुडघे बाजूला करून त्यांना वाट द्यायची. गावात हे लपत नाही. घेत का नव्हती? तर विश्वास नसताना ख्रिस्तशरीर घेणं म्हणजे स्वतःवर दंड ओढवून घेणं, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवलेलं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मी तिला म्हटलं, "विश्वास उरला नाही म्हणता, आणि त्याच विश्वासातल्या शिक्षेला घाबरता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नरक पटत नाही, पण रात्री दोनला जाग आली की तो असतो."

हे ऐकल्यावर मी आधी एक गोष्ट तपासली. काही माणसांमध्ये पापाची भीती आजाराचं रूप घेते. तेच तेच पाप पुन्हा पुन्हा सांगणं, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून म्हणणं, मनात आलेल्या विचारासाठी तासन्‌तास स्वतःला सोलून काढणं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस 1522 च्या सुमारास मनरेसा इथे अशाच छळातून गेले होते, इतका हा त्रास जुना आहे. तो मंत्रचळाचाच (ओसीडीचाच) एक प्रकार असू शकतो. त्याला औषध आणि वर्तनोपचार लागतात, आणि तिथे मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. लीनाचं तसं नव्हतं. भीती होती, पण तिने दिवस व्यापला नव्हता.

मग मुळाशी काय होतं? ते तिसऱ्या भेटीत आलं. तिच्या आजीचं एक बाळ जन्मल्यावर काही तासांत गेलं, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व्हायच्या आधी. त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, वाडीतच पुरलं. स्नानसंस्काराविना गेलेली बाळं लिंबोमध्ये असतात, त्यांना दुःख नसतं पण देवाचं दर्शनही नसतं, असं आजीला सांगितलं गेलं होतं. आजी ते मरेपर्यंत मानत होती. म्हातारपणी रोजरी संपली की ती एक 'नमो मरिया' जास्तीची म्हणायची. कुणासाठी, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे लीनाच्या वाचनात आलं, की लिंबो हा चर्चचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हता. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने या विषयावर स्वतंत्र दस्तऐवज काढून त्यांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे, असं म्हटलं. आईवडिलांची स्नानसंस्कार करायची इच्छा असेल, तर बाळाचा अंत्यविधी चर्चमध्ये करायला बिशप परवानगी देऊ शकतात, हे 1983 च्या धर्मसंहितेतच आहे. कुणालाही वाटेल, हे वाचून तिला बरं वाटलं असेल. ती मात्र पेटली. "आजी तोवर गेली होती, मॅडम. चूक होती तर तिच्या दारात येऊन कुणी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि समुपदेशकाने इथे उत्तर बनवून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. धर्माची बाजू मांडणं हे माझं काम नाही, त्याच्यापासून तोडणंही नाही. मी कॅथलिकही नाही. मला एवढं दिसत होतं, की लीना ज्याला "माझा विश्वास गेला" म्हणत होती त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. लहानपणी बसलेली भीती, आजीसाठीचा राग, आणि देव आहे का हा खरोखरचा प्रश्न. रागाच्या भरात तिसऱ्याचं उत्तर देऊन टाकलं असतं, तर भीती तशीच उरली असती. चर्च सोडून वर्षं लोटलेली आणि तरी गुड फ्रायडेला मांस खाताना घास अडकणारी माणसं मी पाहिली आहेत.

भीतीसाठी मी तिला एका धर्मगुरूंना भेटायला सुचवलं. तिच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) नकोत, कारण तिथे नाती आडवी येतात. दुसरीकडच्या एका वयस्क फादरांना ती भेटली. त्यांनी सांगितलं, की गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर हवा, ते पूर्ण कळायला हवं आणि मनापासून केलेलं हवं. आणि मनात आपोआप उठलेली शंका वेगळी, जाणूनबुजून नाकारणं वेगळं, हा फरक चर्च स्वतःच करतं. हे सगळं तिच्याच धर्माच्या पुस्तकात होतं. आठव्या वर्षी तिच्यापर्यंत त्याची फक्त धाक घालणारी बाजू पोहोचली होती.

त्यांनी मदर तेरेसांचंही उदाहरण दिलं. त्यांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं, की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं. लीना परत आली ती यावरच चिडून. "त्या तरीही थांबल्या, म्हणून मीही थांबायचं?" मला तिचा राग योग्य वाटला. दुसऱ्याच्या अंधाराची गोष्ट कधी धीर देते, कधी तोंड बंद करते. थांबायचं की नाही हे ठरवायला तिला मोकळी जागा हवी होती, म्हणून आम्ही तो निर्णय बाजूला ठेवला. आज ठरलंच पाहिजे असं काही नव्हतं. मयतीला, लग्नाला, नाताळला ती जाऊ शकत होती. विश्वासांगीकार, म्हणजे मिस्सेत सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली, म्हणताना जी ओळ ओठांवर येत नाही तिथे गप्प राहू शकत होती. आपल्या माणसांबरोबर बसणं म्हणजे त्यांना फसवणं नव्हे.

राहिली आई. इथे मी बराच वेळ घेतला. आईची काळजी म्हणजे फक्त "लोक काय म्हणतील" असं मुलं धरून चालतात. कॅथलिक आईच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी आईवडील त्याला या विश्वासात वाढवण्याचं वचन देतात. त्यामुळे "मला पटत नाही" या वाक्यात तिला "तू वचन पाळलं नाहीस" असं ऐकू येतं. म्हणून मी लीनाला सांगितलं, की आधी आईकडून काय मिळालं ते सांगा, मगच काय सुटतंय ते. सणाच्या दिवशी नको, भांडणात तर नकोच. वाद घालून जिंकायचंही नाही. रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही ते बोलणं करून पाहिलं. पहिल्या वेळी ती खुर्चीवरच ओरडली, आजीसाठी. ते तिथे निघून गेलं हे बरं झालं.

प्रत्यक्षात आई रडली. "माझंच कुठंतरी कमी पडलं" म्हणाली, जसं वाटलं होतं तसंच. आठवडाभर फोन नाही. नंतर केला तेव्हा मिस्सेचा विषयच काढला नाही, त्या बाळाबद्दल बोलली. ती जागा आईला माहीत होती. दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतल्या मेणबत्त्या लावून झाल्या की ती वाडीत जाऊन तिथेही एक लावते. कुणाला विचारलं नाही, फादरांनाही नाही. लीनाला हे पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. आपली आई चर्च सांगेल तेवढंच मानते, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. आई तिच्यासाठी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करते आणि ते सांगते, लीनाला त्याचा त्रास होतो. कम्युनियनला ती अजून उठत नाही, पण रात्रीची दचकून येणारी जाग कमी झाली आहे. मुलाचं नाव तिने आणि नवऱ्याने वर्गात घातलं. त्याआधी शिकवणाऱ्या सिस्टरना भेटून तिने एकच विचारलं, नरक मुलांना कसा शिकवता? सिस्टर तिच्याशी तासभर बोलल्या. दर आठवड्याला मुलाचं पुस्तक ती त्याच्याबरोबर वाचते. "मम्मी, तू का घेत नाहीस?" असं तो विचारेल तेव्हा "मला अजून ठरवता आलेलं नाही" हे खरं उत्तर द्यायचं तिने ठरवलं आहे, आणि त्याच्या आजीला, म्हणजे लीनाच्या आईलाही त्याने विचारावं, ती वेगळं सांगेल, हेही.